लिटरभर पाण्याचा उन्हाळा

पुण्याचा उन्हाळा मला माझ्या बायकोने शिकवला. त्याआधी उन्हाळा ही सोसायची गोष्ट आहे एवढंच मला माहीत होतं. मी चंद्रपूरकडचा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दाराला वाळ्याच्या ताट्या, खिशात कांदा, कानाला घट्ट दुपट्टा आणि कूलरच्या घरघरीत निपचित पडून राहणं, हा आमचा उन्हाळा. नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा कंपनीतली माणसं एप्रिल लागताच "काय उकडतंय हो" म्हणून रुमालाने मान पुसायला लागत आणि मला हसू येई. गावाहून मोठ्या भावाचा फोन आला की तो विचारायचा, "पुण्यात काय ऊन असते बे? थंडीच घेऊन बसले असान तुम्ही."

बायको मात्र पर्वतीच्या पायथ्याला जन्मलेली, तिथेच वाढलेली. शाळेत शिकवायची. त्यामुळे उन्हाळा म्हणजे तिची हक्काची सुट्टी, आणि ती सुट्टी तिला झोपून वाया घालवायची नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये एका रविवारी तिने मला उजाडायच्या आत हलवून उठवलं.

"अहो, उठा. उन्हाळा संपून जाईल."

मला वाटलं, ही झोपेत बोलते आहे. पण ती बूट घालून तयार होती. तिने मला तळजाईच्या टेकडीवर नेलं. गवत वाळून पिवळं पडलेलं, झाडांना पान नाही, आणि तरी असा गार वारा की मी हाताची घडी घालून चालत होतो. कुठेतरी मोर ओरडत होता. गिरीपुष्पाच्या फांद्यांवर पानांच्या आधी आलेली गुलाबी फुलं सुकत आली होती. खाली शहर धुरकट दिसत होतं. ती म्हणाली, "बघा. हे आठ वाजेपर्यंतच असतं. आठनंतर हे शहर राहण्यालायक नाही. मग परत संध्याकाळी होतं."

तिचं म्हणणं असं की उन्हाशी भांडायचं नाही, त्याच्या वेळा सांभाळायच्या. तिच्या वेळा आणि तिच्या जागा ठरलेल्या होत्या. पहाट टेकडीची. दुपारी बाहेर पडायची वेळ आलीच, तर पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर हॉर्न, धूर, डांबर वितळायला आलेलं. पण तिथून आत वळून चार पायऱ्या उतरलं की एकदम दुसरीच हवा. एका अखंड खडकात कोरलेलं ते देऊळ. ती चपला काढून आतल्या खांबांच्या सावलीत उभी राही आणि मला म्हणे, "पाय टेकवा नीट. पूर्ण तळवा." त्या दगडाचा गारवा तळव्यातून वर यायचा. माझ्यासारख्या ताट्या-कूलरवाल्याला हे नवीन होतं. आमच्याकडे दुपारी दगडावर पाय ठेवला तर कातडी निघेल.

संध्याकाळ कालव्याची. खडकवासल्याहून निघालेला कालवा आमच्या घरापासून फार लांब नव्हता. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडलं की तो काठोकाठ भरून वाहायचा आणि काठाने चालताना अंगावर गार वाफ आल्यासारखी वाटायची. पाणी काही निर्मळ नव्हतं. त्यात पाय सोडायची माझी कधी छाती झाली नाही. पण काठावर झाडं होती, आणि सूर्य खाली गेला की पश्चिमेकडून वारा यायचा. ती म्हणायची, "चंद्रपूरला आहे का असलं काही?" मी म्हणायचो, "आमच्याकडे वाघ आहेत." त्यावर ती, "म्हणूनच तुम्ही इकडे आलात."

आणि मे लागला की मार्केट यार्ड. आंब्याच्या गाळ्यांमधून पेंढ्याचा आणि पिकल्या फळाचा असा वास यायचा की पोट भरलेलं असूनही भूक लागावी. हमाल पेट्या डोक्यावर घेऊन "बाजू, बाजू" करत पळायचे. सगळे हापूस घेत, ही पायरी घेई. आमरसाला पायरीच, असा तिचा ठाम मुद्दा. व्यापारी सांगायचा, "ताई, अस्सल आहे, डोळे मिटून न्या." ती म्हणायची, "डोळे मिटून घेतलेली एक गोष्ट घरात आहे, ती पुरे." आणि माझ्याकडे बघायची. व्यापारी हसायचा, मीही हसायचो. मग ती एकेक फळ उचलून देठाजवळ नाक नेऊन हुंगायची. इतकं मनापासून हुंगताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.

परतताना उसाचा रस. "बर्फ नको, आलं घाला," हे तिचं वाक्य रसवाल्याला पाठ होतं. आमची मुलगी झाली, मोठी झाली, तीही याच फेऱ्यांमधून उन्हाळा शिकली. आता ती बंगलोरला असते. ती तिकडच्या मित्रमैत्रिणींना सांगायची की पुण्यातला उन्हाळा कसा घालवायचा हे माझ्या आईला विचारा, तिच्याकडे त्याची डिग्री आहे.

मग एका जानेवारीत बायकोच्या पायांना सूज आली. आम्हाला वाटलं, शाळेत उभं राहून आली असेल. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. सूज चेहऱ्यावर आली, जेवण जाईना, जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता आणि कुणालाच पत्ता नव्हता, तिलाही नाही. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर, आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं.

ती म्हणाली, "डॉक्टर, मी पुण्याची आहे. पाहुण्यांनाही आम्ही अर्धाच पेला देतो. जमेल मला."

डॉक्टर मोठ्याने हसले. मला वाटलं, ही अशी बोलते आहे तोवर काळजी नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी काय खायचं नाही ते सांगितलं. आंबा नाही, शहाळं नाही, उसाचा रस नाही, कोकम सरबत नाही, टोमॅटो नाही, कलिंगड नाही. भाज्या उकळून त्याचं पाणी ओतून द्यायचं. शरीरात पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ वर्ज्य, असं एका वाक्यात सांगा ना."

मूत्रपिंड बदलायचा विचार झाला. मी पुढे झालो. तपासणीत मला मधुमेह निघाला. मुलगी विमानाने आली आणि म्हणाली, माझं घ्या. बायकोने तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, आणि दोघी बाहेर आल्या तेव्हा मुलीचे डोळे सुजलेले होते. तो विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही प्रतीक्षायादीत नाव घातलं. ते अजून तिथेच आहे.

पहिला उन्हाळा कसा गेला ते मला आठवत नाही. डायलिसिसच्या सुयांसाठी हातातल्या शिरा जोडून फिस्टुला करणं, तो तयार होईपर्यंत गळ्यातल्या नळीची काळजी, मशीन लावल्यावर रक्तदाब पडणं, पायात गोळे येणं, यातच तो गेला. ती रोज सकाळी एक बाटली भरून घ्यायची आणि दिवसभर तिच्यातूनच पाणी घ्यायची. मी तिच्यासमोर पाणी पिणं बंद केलं. स्वयंपाकघरात जाऊन, नळाचा आवाज येणार नाही असा पेला भरायचो. तिला ते कळत होतं. एकदा ती बाहेरून म्हणाली, "अहो, चोरून काय पिताय, पाणीच आहे ना ते?"

डायलिसिसच्या हॉलमध्ये मे महिन्यातही सगळे ब्लँकेट घेऊन असतात. रक्त शरीराबाहेर जाऊन फिरून येतं, वर एसी, त्यामुळे थंडी वाजते. बाहेर रस्ता तापलेला आणि आत ओळीने पडलेली, पांघरुणात गुरफटलेली माणसं, तोंडं कोरडी. तिच्या शेजारच्या खाटेवर एक वयस्कर गृहस्थ असायचे. त्यांचं कॅम्पात अत्तराचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनाही उन्हाळ्याचं वेड होतं, आणि चार तास पडून दोघं काय बोलायची, तर कुठे काय प्यायचो ते.

"आमच्या कॅम्पात एक जण खसचं सरबत करायचा," चाचा म्हणायचे. "सब्जा घातलेलं. हिरवंगार. पेल्याला बाहेरून घाम फुटलेला."

"मस्तानी?" ही विचारायची.

"मस्तानी तुमच्या पेठांत. आमच्याकडे फालुदा. पण मस्तानीलाही मी नाही म्हणालो नाही कधी."

एकदा सिस्टर येऊन म्हणाली, "अहो काकू, पाण्याचा विषय काढू नका ना. बाकीच्यांना तहान लागते." पलीकडच्या खाटेवरचा एक तरुण डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवत होता.

पुढच्या पाळीला चाचांनी एक काडी आणली. तिच्या टोकाला कापूस आणि त्यावर खसचं अत्तर. ती त्यांनी बायकोकडे दिली. "बहेन, प्यायला मनाई आहे, हुंगायला नाही." तिने ती काडी मशीन बंद होईपर्यंत हातात धरून ठेवली होती.

आंब्याची युक्तीही त्यांनीच सांगितली. मशीन सुरू झालं की पहिल्या तासात एखादी फोड खाल्ली तर चालते, कारण पुढच्या तासांत मशीन पोटॅशियम काढून टाकतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एक फोड. आणि रोज नाही." मग मी मार्केट यार्डात गेलो, एकटाच. पायरी घेतली. हुंगून बघितली, मला काही कळलं नाही. घरी फोड कापून डबीत घातली आणि मशीन लागल्यावर तिच्या हातात डबी दिली. तिने डोळे मिटले. खूप वेळ तोंडात घोळवली. मग म्हणाली, "पायरी नाहीये ही. फसवलं तुम्हाला." आणि पुन्हा डबीत बघितलं, दुसरी आहे का म्हणून.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिची तब्येत जरा सावरली होती. वजन स्थिर, हाताचा फिस्टुला चांगला चालत होता. गुढीपाडव्यानंतर ती म्हणाली, "यंदा मी बाहेर पडणार आहे. डायलिसिस नसेल त्या दिवशी. सगळीकडे जाऊन येऊ. खायचं-प्यायचं काही नाही, नुसतं जाऊन यायचं." मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत तिने प्रथमच पुढच्या दिवसांबद्दल काही ठरवलं होतं.

आधी पाताळेश्वर. रिक्षाने गेलो. त्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. आतल्या दगडावर पाय टेकवून ती भिंतीला पाठ लावून बसली. गारवा होता तसाच होता. थोडा वेळ तिचा चेहरा खरोखर पूर्वीसारखा दिसला. मग समोर कॉलेजातलं एक जोडपं येऊन बसलं. मुलीने बॅगेतून बाटली काढली आणि मान मागे टाकून घटाघटा प्यायली. पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळून ड्रेसवर सांडलं. मुलगा हसला, तिनेही सांडलेलं पाणी हाताने त्याच्यावर उडवलं. माझ्या बायकोची नजर जमिनीवर पडलेल्या त्या थेंबांवरून हलेना.

"चला," ती म्हणाली.

"आत्ता तर आलो."

"चला म्हटलं ना."

घरी आल्यावर तिने त्या दिवसाची बाटली उचलून प्रकाशात धरली. तळाशी घोटभर होतं.

कालव्यावर गेलो तेव्हा त्यात पाणीच नव्हतं. पाळीचं पाणी येऊन गेलं असेल किंवा यायचं असेल. मधे हिरवट डबकी, त्यात पिशव्या, बाटल्या, निर्माल्य. वाऱ्याची वेळ झाली तरी वारा नव्हता. हल्ली तो बऱ्याचदा नसतो. पूर्वी पुण्यात संध्याकाळी सात वाजता भिंती निवायला लागायच्या. आता रात्रीपर्यंत भिंतीला पाठ टेकवत नाही. चालायला गेलो, पण थोडं गेल्यावर तिचे पाय भरून आले. आम्ही कठड्यावर बसलो. ती म्हणाली, "याचंही पाणी कुणी मोजून दिलेलं दिसतंय." मी हसलो. ती हसली नव्हती.

तळजाईला मात्र तिने हट्टाने नेलं. उजाडता उजाडता पोचलो. रिक्षा जाते तिथवर गेलो, पुढच्या चढाला तिला दम लागला. झाडाखाली एक बाक होतं, त्यावर ती बसली.

"तुम्ही वर जाऊन या," ती म्हणाली. "आणि येऊन मला सांगा."

"तुला सोडून कसा जाऊ?"

"मी पळून जाणार नाहीये. ताकदच नाही. जा."

मी गेलो. घाईघाईने, दर दोन वळणांनी मागे बघत. वर पोचलो तेव्हा बहावा फुलला होता. पिवळे घोस लोंबत होते. मोरही ओरडला. तिला काय काय सांगायचं ते मी मनात घोळवत होतो. मोबाईलवर फोटोही काढले. पण उभं राहवेना. मी उतरायला लागलो.

खाली आलो तर ती बाकावर नव्हती. मग दिसली. सकाळच्या फिरायला येणाऱ्यांसाठी एक बाई सायकलवर लिंबू सरबत घेऊन उभी असायची, तिच्यापाशी उभी होती. हातात प्लॅस्टिकचा मोठा पेला. रिकामा. सरबतवाली तिच्या हातात दुसरा भरलेला पेला देत होती.

मी ओरडलो. तिने मला येताना बघितलं, पण थांबली नाही. दुसरा पेलाही तिने माझ्या डोळ्यांसमोर, एका दमात, तोंडाला लावून संपवला. हनुवटीवरून सरबत गळत होतं. ती धापा टाकत होती. सरबतवाली घाबरून आम्हा दोघांकडे बघायला लागली.

"काय झालं, दादा? शुगर हाय का काकूंना?"

बायकोने तोंड पुसलं आणि म्हणाली, "प्यायले. बोला आता काय बोलायचं ते."

तिच्या डोळ्यांत अपराधही नव्हता आणि समाधानही नव्हतं. मी नंतर पुष्कळदा विचार केला की निदान तिला ते आवडलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं. रिक्षात मी तिला विचारलंही, "बरं वाटलं का?" ती म्हणाली, "नाही. तहान तशीच आहे."

त्या दिवशी घरी ती अजून पाणी प्यायली. किती, मला माहीत नाही. मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा असेल, भाजी आणायला गेलो होतो तेव्हा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर झाले. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. रुग्णवाहिकेत ती माझा हात इतका घट्ट धरून होती की तिची नखं रुतली. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. तातडीने डायलिसिस केलं, दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टर आले, या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "बाई, असं केलंत तर आम्ही काही करू शकणार नाही."

मी तिच्या उत्तराची वाट बघत होतो. काहीतरी तिरकस येईल, पुण्याचं, तिचं. ती म्हणाली, "चुकलं माझं, डॉक्टर. सॉरी."

मला तेव्हा जी भीती वाटली ती रुग्णवाहिकेतही वाटली नव्हती.

ती पुन्हा पाळीला जायला लागली तेव्हा शेजारच्या खाटेवर दुसरेच कुणी गृहस्थ होते. मला वाटलं, चाचांची वेळ बदलली असेल. सिस्टरकडे बघितलं, तिने हळूच मान हलवली. बायकोनेही ते बघितलं असणार, पण तिने विचारलं नाही. डायलिसिसच्या हॉलमध्ये कुणीच विचारत नाही. खाट एक दिवसही रिकामी राहत नाही. पुढचे रुग्ण बाहेर थांबलेले असतात.

मी आंब्याची फोड नेत राहिलो. मला वाटायचं, एवढं तरी राहू दे. एका पाळीला तिने डबी उघडून बघितली, झाकण लावलं आणि परत माझ्या हातात दिली.

"का गं? या वेळी बघून आणली आहे. पायरीच आहे."

"असेल हो. चव लागत नाही मला. सगळं नाण्यासारखं लागतं."

"थोडी बघ तरी."

"तुम्ही खा ना. प्लीज."

ती मला कधी प्लीज म्हणाली नव्हती. त्या दिवसांपासून ती सगळ्यांशी असंच बोलायला लागली. सिस्टरला थँक्यू, रिक्षावाल्याला सावकाश हं दादा, मला आभारी आहे. कामाला येणाऱ्या बाईने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू आता भांडत का नाहीत? मी काही चुकले का?" त्या पाळीला परत आलेली फोड मी हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्यानेच खाल्ली. फेकून देणं जमलं नाही.

मोठ्या भावाचा फोन आला. यंदा इकडे फार तापते म्हणाला, तुम्ही तिकडे सुखी आहात. मी हो म्हणालो.

मेच्या मध्यावर मुलगी रजा घेऊन आली. दोन दिवस ती आईला नुसती बघत होती. मग तिने मनाशी काहीतरी ठरवलं. म्हणाली, "आपण बाहेर जाऊ. संध्याकाळी. आई, तुला कुठे जायचंय? तू सांगशील तिथे." बायको म्हणाली, तुम्ही दोघं जाऊन या. मुलगी हटून बसली. शेवटी तिने गाडी बोलावली आणि आम्हाला नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेली. माझी बायको त्या जागेच्या कायम विरुद्ध होती. उन्हाळ्यात मॉलमध्ये बसणारी माणसं बघून ती म्हणायची, यांना फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालेल, वर दोन कोथिंबिरीच्या जुड्या ठेवा. मी मुलीला हळूच म्हणालो, तिला नाही आवडणार. मुलगी म्हणाली, "बाबा, निदान तिला धाप तरी लागणार नाही."

दारातच एक चाकांची खुर्ची मिळाली. आत थंडगार, पांढरा उजेड, कुठूनतरी येणारं संगीत. खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की अंधार पडला, काही कळत नव्हतं. आम्ही सरकत्या जिन्याजवळ एका बाकापाशी थांबलो. माणसं मोठे मोठे पेले हातात घेऊन, नळ्या तोंडात धरून जात होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, चला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती त्या पेल्यांकडे बघत नव्हती. जिन्याच्या पायऱ्या वर जात होत्या, नाहीशा होत होत्या, तिकडे ती बघत होती.

मुलीने तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "आई, जाऊ या का दुसरीकडे? सारसबागेत? तिथे जरा झाडं आहेत."

"नको गं," ती म्हणाली. "इथे बरं आहे. इथे उन्हाळा नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी वर छताकडे बघितलं.

मुलगी परत गेली. जाताना दारात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. आतून आवाज येऊ नये म्हणून मी दार ओढून घेतलं होतं. मी एवढंच म्हणालो की पोचलीस की फोन कर.

आता डायलिसिस नसलेल्या दिवशी दुपारी बायको स्वतःच विचारते, "जायचं का?" मी गाडी बोलावतो. नगर रस्त्याला जाईपर्यंत ती ओढणी तोंडावरून घेते, काचेला लावलेल्या पडद्यातूनही ऊन नको म्हणून. त्या बाकापाशी आम्ही दोन-तीन तास बसतो. बोलणं फारसं होत नाही. मी एकदा तिला सांगायला गेलो की टेकडीवर त्या दिवशी बहावा किती फुलला होता, तिने पाठवलेलं होतं मला बघायला, आणि मी अजून सांगितलंच नव्हतं. मोबाईल काढून फोटोही दाखवला. तिने तो हातात घेतला, बघितला, आणि छान आहे म्हणून परत दिला, जसा एखाद्या परक्या माणसाने आपल्या नातवंडाचा फोटो दाखवल्यावर आपण देतो.

परत निघताना काचेची दारं आपोआप उघडतात आणि बाहेरची झळ तोंडावर येते. पार्किंगच्या फरशीतून, उभ्या गाड्यांच्या टपांवरून ती येत असते. बायको खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरते, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढते आणि म्हणते, "लवकर, अहो, लवकर." मी खुर्ची ढकलत गाडी शोधतो.